कोल्हार ते शिकागो, मार्गे नाशिक

कोल्हारच्या स्टँडवर विमान येत नाही, हे मी त्याला निदान शंभरदा सांगितलं असेल. त्यावर तो शांतपणे म्हणायचा, "बरोबर हाय, मास्तर. कुठनं कुठनं येत न्हाई, ते सांगू का?" आणि मी नको म्हणायच्या आत सुरू व्हायचा. मुंबईपासून धर. लंडन, सात हजार दोनशे किलोमीटर. टोकियो, पावणेसात हजार. नैरोबी, साडेचार हजार. यातलं एकही विमान कोल्हारला येत नव्हतं, पण ते किती लांबून येत नव्हतं, हे त्याला तोंडपाठ होतं.

आमच्या एस.टी.त कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून मी मास्तर. तो स्टँडवरचा कंट्रोलर. आम्ही दोघं एकाच वर्षी खात्यात चिकटलो. पुढं त्यानं खात्याची परीक्षा दिली आणि खुर्चीत बसला, मी आपला धक्के खात तिकिटं फाडत राहिलो. त्यामुळं मी त्याला शेवटपर्यंत अरेतुरे केलं आणि जमेल तेव्हा टोमणेही मारले. 'पायलट' हे नाव मीच पाडलं. खोटं कशाला बोलू, जळत होतो मी त्याच्यावर.

त्याच्या केबिनमध्ये एक मायक होता, एक पाण्याचा माठ होता आणि टेबलावर एक पृथ्वीचा गोल होता. कुठल्याशा शाळेच्या भंगारातून आणलेला. त्याचा दांडा मोडलेला, म्हणून पृथ्वी पितळेच्या तांब्याच्या तोंडावर बसवलेली. ऑस्ट्रेलिया तर पोरांनी बोटं लावून लावून पार घासून टाकला होता. शेजारी गोधडी शिवायचा दोरा. त्यावर शाईच्या खुणा, एका खुणेपासून दुसरीपर्यंत हजार किलोमीटर. दोन गाड्यांच्या मध्ये पाच मिनिटं मिळाली, की हा बाबा दोरा या विमानतळावरून त्या विमानतळावर ताणून धरायचा, खुणा मोजायचा आणि वहीत लिहायचा. मग तासाला साडेआठशेनं भागायचं, चढायला-उतरायला अर्धा तास धरायचा, आणि पश्चिमेला जायचं असलं तर वाऱ्याचा आणखी थोडा वेळ.

"वाऱ्याचा कसला वेळ?" मी एकदा विचारलं.

"मास्तर, चंदनापुरी घाट चढताना आन् उतरताना येळ सारखाच लागतो का?"

"न्हाई."

"मग वरबी घाट हाय. वाऱ्याचा. लंडनला जाताना चढ, येताना उतार."

कप्पाळ!

एकदा त्यानं मुंबईपासून शिकागोपर्यंत दोरा ताणला, तर तो सरळ वर गेला, रशियावरून, मग नुसत्या बर्फावरून, आणि तिकडून खाली अमेरिकेत उतरला. मी, ड्रायव्हर, कँटीनवाला, सगळे हसायला लागलो. अमेरिका पश्चिमेला, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि हा उत्तर ध्रुवावरून निघाला! मी म्हटलं, "पायलट, या वाटेनं एक तरी विमान जातं का रं?"

"न्हाई जात. खालच्या देशांची भांडणं हायेत, जाऊ देत न्हाईत." त्यानं दोरा सोडला नाही. "पर अंतर हाय ते हाय. वाट न्हाई म्हनून अंतर बदलतं व्हय?"

तेव्हा मला हा माणूस उंटावरचा शहाणा वाटला होता. आज तसं म्हणायची हिंमत होत नाही.

एक मात्र होतं. त्याच्या खिडकीवर कुणी काही विचारलं आणि त्यानं वसकन अंगावर घेतलं, असं कधी झालं नाही. आमच्या खात्यात चौकशीच्या खिडकीवर बसलेला माणूस म्हणजे काय असतो, तुम्हाला ठाऊक आहे. पाटी वाचा, असं पाटीकडं न बघता सांगणारा. हा तसा नव्हता. म्हातारीनं एकच गाडी चारदा विचारली तरी चारदा सांगायचा, किती किलोमीटर, किती वेळ, मध्ये चहाला कुठं थांबते तेही. मी चिडायचो. तो म्हणायचा, "विचारनाऱ्याला अंतर सांगायचं, मास्तर. जायचं का न्हाई ते त्याचं तो बघंल."

शनिशिंगणापूरला निघालेलं एक गुजराती जोडपं एकदा चुकून कोल्हारला उतरलं. शनिवार, ऊन मी म्हणतंय, आणि बाई रडकुंडीला आलेली. ह्यानं त्यांना राहुरीची गाडी दाखवली, पाणी पाजलं आणि मग विचारलं, "आले कुठनं?" गृहस्थ म्हणाले, नैरोबीहून. झालं! "साडेचार हजार किलोमीटर. पावनेसहा तास लागले असतील." गृहस्थांनी तोंडाचा आ वासला. बायकोला म्हणाले, बरोबर पावणेसहा. जाताना त्यांनी ह्याच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. त्या दिवशी हा मला म्हणाला, "बघितलं? दोरा खोटं बोलत न्हाई." पुढचे आठ दिवस स्टँडवर त्याच्याशी बोलायची सोय राहिली नाही.

चुकायचाही, आणि चुकला की गावभर कळायचं. रद्दीतल्या कुठल्या इंग्रजी मासिकात त्याला एक वेळ सापडली: टोकियोहून संध्याकाळी पाचला विमान सुटतं आणि अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी सकाळी साडेदहाला पोचतं. सुटायच्या आधी पोचतं! आता आमची जात एस.टी.ची. पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा करायची, हेच शिकलेलो. त्यानं चारदा वजाबाकी केली आणि चवथ्यांदा त्या विमान कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला पत्र टाकलं. 'महोदय, आपल्या वेळापत्रकात छपाईची चूक आहे, प्रवाशांची गैरसोय टाळण्यासाठी त्वरित दुरुस्ती करावी.' खाली हुद्दा, शिक्का, सगळं.

आम्हाला वाटलं, आता हा कामावरून जातो. पण महिन्याभरानं तिकडून जाडजूड पाकीट आलं. आत सबंध जगाचं वेळापत्रक आणि एक चिठ्ठी, की साहेब, चूक नाही, प्रत्येक गावाचं घड्याळ वेगळं असतं आणि मध्ये समुद्रात तारीख बदलते. दुसरा कुणी असता तर चिठ्ठी लपवली असती. ह्यानं ती काचेखाली लावली. "माझी चूक हुती. आता हुनार न्हाई," म्हणाला, आणि त्या पुस्तकाला खाकी कव्हर घातलं.

मग फळ्याचं प्रकरण. स्टँडवर गाड्यांच्या वेळांचा काळा पत्रा होता, अक्षरं पांढऱ्या ऑइल पेंटची. खाली हातभर जागा मोकळी. तिथं एका सकाळी खडूनं लिहिलेलं दिसलं: मुंबई–लंडन, ७,२०० कि.मी., ९ तास ४० मि. दुपारी तपासणीला साहेब आले. फटफटीवरून उतरले ते फळ्याकडंच.

"हे काय? लंडनला आपली गाडी जाते का?"

"न्हाई, साहेब."

"मग?"

"किती लांब हाय, ते लोकांना म्हाईत नको का?"

साहेबांनी मला हाक मारली आणि मी फडक्यानं लंडन पुसलं. मनातून बरंही वाटलं. दुसऱ्या दिवशी लंडन परत आलं, खाली टोकियो घेऊन. परत पुसलं. तिसऱ्या खेपेला नैरोबीही आलं. असं वर्षभर चाललं. साहेब एक पुसायला लावायचे, हा दोन लिहायचा. ओरडायचा नाही, वाद घालायचा नाही. नुसता खडू घेऊन स्टुलावर चढायचा.

मी एकदा वैतागून म्हटलं, "अरे, का डोकं पिकवतोस सगळ्यांचं? जाणारेस का तू लंडनला?"

दुपारची वेळ, स्टँडवर चिटपाखरू नव्हतं. चहा बशीत ओतता ओतता तो म्हणाला, "शाळंत गुरुजींनी भिंतीवर नकाशा लावल्ता. मी इचारलं, गुरुजी, लंडन किती लांब हाय? तर म्हनले, तुला काय करायचंय? तुझी मजल वेशीपतूर. सगळी पोरं हसली. आमच्या घरानं छप्पन साली धम्म घेतलेला, वर्गात आमी दोघंच, आन् बसायचो पार मागं. गुरुजींना अंतर म्हाईतच नसंल, मास्तर. पर म्हाईत न्हाई म्हनायच्या ऐवजी त्यांनी मला माझी मजल सांगितली."

मग चहा पिऊन त्यानं बशी धुतली. त्या हसणाऱ्या पोरांत मीही बसलो असतो, हे मला तिथंच कळलं आणि लाज वाटली. तरी पायलट म्हणायचं काही मी सोडलं नाही.

आता त्या मुलीची गोष्ट. साखर कारखान्यात कामाला असलेल्या एका माणसाची ती पोरगी, नदीकडच्या वस्तीवर राहायची. शेतकीची पदवी पहिल्या नंबरात काढली आणि शिकागोकडच्या कुठल्या विद्यापीठाची स्कॉलरशिप मिळवली. ठरल्या तारखेला हजर झाली नाही तर जागा पुढच्या नंबराला जाणार. तिकीट स्कॉलरशिपवाल्यांचं, बदलून मिळणार नाही. गावानं सतरा तारखेला सकाळी सत्कार ठेवला होता, सरपंच येणार, बँडवाला सांगितलेला. तो झाला की मुंबईला निघायचं. कारण विमान सतरा ऑगस्टला, रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी.

सोळा तारखेला दुपारी पावणेबाराला ती बापाबरोबर स्टँडवर आली, उद्याच्या गाड्या विचारायला. माझी नाशिकची गाडी नुकतीच लागली होती, बारा-दहाला सुटायची. मी केबिनमध्ये लॉगशीट ठेवली. गाडीच्या त्या कागदावर कंट्रोलरची सही झाल्याशिवाय चाक हलत नाही.

"तिकीट बघू, ताई," तो म्हणाला. गाडी सांगायला तिकीट कशाला लागतं? पण विमानाचं खरंखुरं तिकीट त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. पोरीनं हसून दिलं. त्यानं चष्मा पुसला, वाचलं, परत वाचलं आणि उभाच राहिला.

"तुमचं इमान आज हाय."

बाप म्हणाला, "आज सोळा, सायब. इमान सतराला. रात्री दीडला."

"सतरा तारीख आज रात्री बाराला लागती. आन् एक-चाळीसला इमान उडतं. उद्या सत्काराला उभं ऱ्हाल, तवा ते लंडनला पोचाय आल्यालं असंल."

खरं सांगतो, मीही त्या बापाच्याच बाजूनं होतो. आपल्याकडं दिवस उगवतो तेव्हा बदलतो. सतराची रात्र म्हणजे सतराचा दिवस मावळल्यावरची रात्र, याच्यापलीकडं कुणी विचार करतो का? खात्यात रात्री बाराला तारीख बदलते हे मला रोजच्या कामात ठाऊक, पण खांद्यावरची बॅग उतरवली की मीही गावचाच. मी म्हणालोसुद्धा, "अजून उद्याचा आख्खा दिवस हाय की, पायलट."

बाप तापला. "एजंटानं सतरा सांगितलंय. गाव गोळा व्हनार हाय. तुमी एष्टीचे कंट्रोलर, तुमाला इमानाचं काय कळतंय? बसला का कधी?"

"न्हाई बसलो," तो म्हणाला. आवाज चढला नाही. "कोल्हारच्या भायेरबी लई गेलो न्हाई. पर हे मला कळतं. तुमाला पटो न पटो, इमान आज रातचंच हाय."

पोरगी तिकिटाकडं बघत होती. बघता बघता तिचा चेहरा पांढरा पडला. "आबा," ती म्हणाली, "काकांचं बरोबर हाय. शून्य-एक-चाळीस लिहिलंय. आजच हाय. आबा, चला!"

बाप मटकन बाकावर बसला. ह्यानं मात्र भराभरा मांडलं. नाशिकला तीन तास, तिथून विमानतळाला पाच, तीन तास आधी हजर राहायचं. पुढची नाशिकची गाडी साडेतीनला, ती उपयोगाची नाही. हीच गाडी पाहिजे. वस्ती तीन किलोमीटर, पेटी अजून भरायची. कँटीनसमोर रिकामा टेम्पो उभा होता, त्यात दोघांना कोंबलं. मग तो परत येऊन खुर्चीत बसला आणि माझी लॉगशीट उचलून मांडीखाली घातली.

"अरे, बारा-दहा झाले! सही कर."

"न्हाई करत."

"मेमो खाशील!"

"खातो."

वीस मिनिटं झाली तशी गाडीतली माणसं खाली उतरली. एक टोपीवाले पुढारी खिडकीवर हात आपटायला लागले, "कुनाच्या बापाची गाडी हाय का? नाशिकला मीटिंग हाय माझी!" ह्यानं त्यांच्याकडं पाहिलं, मायक ओढला, आणि साऱ्या स्टँडवर आवाज घुमला:

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. नाशिककडे जाणारी गाडी उशिरा सुटेल. शिकागोचे प्रवासी येत आहेत."

क्षणभर कुणाला काही उमगेना. मग गाडीतल्या बायका हसल्या, भाजीवाली म्हणाली, "शिकागू कंचा गाव गं? राहात्याच्या पल्याड का?" कुणीतरी तिला सगळं सांगितलं. मग काय विचारता! जी माणसं शिव्या देत होती, तीच रस्त्यावर उभं राहून टेम्पोची वाट बघायला लागली. पुढारी तेवढे आत जाऊन बसले.

बारा-पन्नासला टेम्पो आला. पोरीचे केस ओले, पायात दोन वेगळ्या चपला, आई मागं भाकरीचं गाठोडं धरून रडतेय. पेटीला दहा हात लागले. ह्यानं मांडीखालून लॉगशीट काढली, वेळ टाकली, बारा-बावन्न, आणि सही केली. पोरगी त्याच्या पाया पडायला वाकली, तर त्यानं तिच्या हातात एक कागद दिला.

"तेरा हजार आठशे पंचवीस किलोमीटर. हितनं. पस्तीस तास आठ मिनिटं. घड्याळ बदलू नकोस, ताई. उतरली की बघ, आन् मला कळीव."

शुभेच्छा नाहीत, सांभाळून जा नाही, काही नाही. मी डबल बेल मारली. त्या दिवशी ड्रायव्हरनं गाडी अशी हाणली, की नाशिकला पोचेपर्यंत आम्ही वीस मिनिटं भरून काढली. तिथं मी स्वतः ती पेटी डोक्यावर घेऊन मुंबईच्या गाडीकडं पळालो. का पळालो, विचारू नका.

चौथ्या दिवशी त्याला कारणे दाखवा नोटीस आली. गाडी विनाकारण बेचाळीस मिनिटं थांबवली. उत्तर त्यानं मला वाचून दाखवलं: 'विनाकारण हा शब्द चुकीचा आहे. कारण होते. सदर प्रवाशाचे एकूण अंतर १३,८२५ कि.मी. होते, त्यापैकी पहिले ११० कि.मी. आपल्या गाडीचे होते. पुन्हा अशी वेळ आल्यास पुन्हा गाडी थांबवीन.'

"शेवटची ओळ खोड," मी म्हटलं. "हात जोडतो तुला."

"तीच तर खरी हाय," तो म्हणाला आणि पाकीट चिकटवलं.

महिन्यात बदली झाली, पार पाथर्डीच्या बाजूला, दिवसाला आठ गाड्यांच्या आडगावी. जाताना पृथ्वी तांब्यासकट पिशवीत घालून घेऊन गेला. नव्या कंट्रोलरनं आल्या आल्या फळा पाण्यानं घासून लख्ख केला.

त्यानंतर पत्र आलं. पत्ता एवढाच: कंट्रोलर काका, बसस्थानक, कोल्हार. नवा कंट्रोलर परत पाठवायला निघाला होता, मी त्याच्या हातातून हिसकावलं. रजा टाकली आणि दोन गाड्या बदलून त्या आडगावी गेलो. हा पत्र्याच्या शेडमध्ये बसला होता, समोर तांब्यावर पृथ्वी. पत्र त्यानं पहिल्यापासून वाचलंच नाही, नुसता आकडा शोधला.

"पस्तीस तास चाळीस मिनिटं!" तो ओरडला. "बत्तीस मिनिटं लेट! लंडनला धावपट्टीवर रांग लागल्ती म्हनं. मास्तर, तितल्या कंट्रोलरला मेमो दिला असंल का रं?"

आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. मग पोरगी वेळेवर हजर झाली, जागा मिळाली, हे त्यानं तीनदा वाचलं. शेवटी विचारलं, "फळा हाय का रं तसाच?"

"धुतला," मी म्हणालो.

तो नुसता "हं" म्हणाला आणि दोरा बोटाला गुंडाळत बसला. मला ते सहन झालं नाही. इतकी वर्षं मीच ते पुसत होतो.

परतल्यावर पांढऱ्या ऑइल पेंटचा डबा घेतला आणि स्टुलावर चढलो. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तरी फळ्याच्या खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं: कोल्हार–शिकागो, मार्गे नाशिक, मुंबई, लंडन. १३,८२५ कि.मी. ३५ तास ४० मि. तो नेहमी मुंबईपासून लिहायचा. मी कोल्हारपासून लिहिलं.

आठ दिवसांत साहेब आले. माझी गाडी निघायच्या बेतात होती.

"मास्तर, हे कुणी लिहिलं?"

"मी."

"आपली गाडी शिकागोला जाते?"

"नाशिकपर्यंत जाती, साहेब. पुढं त्यांची हाय."

"तुला काय करायचंय रे शिकागोचं?"

माझ्या डोक्यात सणक गेली. फळ्याखाली पाच-सहा माणसं उभी होती, मान वर करून वाचत होती.

"विचारनाऱ्याला अंतर सांगायचं, साहेब," मी म्हणालो. "जायचं का न्हाई ते त्याचं तो बघंल."

"पुसून टाक ते. आत्ताच्या आत्ता."

"ऑइल पेंट हाय. पुसत न्हाई," मी म्हणालो, पायरीवर चढलो आणि डबल बेल मारली.